बनी तो बनी, नाही तर मॅन्युअल?

आपल्या गावाबद्दल दोन म्हणी आहेत. एक आपण छाती फुगवून सांगतो: जगात जर्मनी, भारतात परभणी. दुसरी बाहेरचे सांगतात आणि आपण हसून घेतो: बनी तो बनी, नहीं तो परभणी. मागच्या महिन्यात एका गॅरेजात माझ्यासमोर तिसरी जन्माला आली. बोनेटखाली डोकं घालून बसलेले उस्ताद मान वर न करताच म्हणाले, "बनी तो बनी भाई, नहीं तो मॅन्युअल डाल देते."

गाडी माझ्या मित्राच्या घरची. छोटी हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, ऑटोमॅटिक. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना झटका द्यायची. चढावर मधेच न्यूट्रल व्हायची आणि मीटरवर दिवा पेटायचा. उस्तादांनी सांगितलेला उपाय एकदम सरळ होता. "अंदर तो मॅन्युअलच है. ऊपर का ये डब्बा निकालो, लिव्हर डालो, क्लच का पेडल डालो, टेन्शन खतम."

मित्र खूश. खरं सांगायचं तर मीही खूश. त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर आम्ही पाच जणांनी ठराव एकमताने पास केला. खरी गाडी मॅन्युअलच. ऑटोमॅटिक म्हणजे मोठी स्कूटी. गिअर टाकल्याशिवाय गाडी चालवल्यासारखं वाटतच नाही. एकाने तर गिअर नॉब कोणता बसवायचा तेही मोबाइलवर शोधून ठेवलं.

रात्री मित्राने घरी हा बेत सांगितला. काकू वह्या तपासत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही, फक्त विचारलं, "आणि मग चालवणार कोण?"

या एका प्रश्नाने आमचा ठराव बारगळला. आणि म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. ऑटोमॅटिक गाडीला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवता येतो का, याचं उत्तर 'हो, येतो' असं आहे. पण ती गाडी कुणाची, हा प्रश्न आम्ही पाचही जणांनी विचारलाच नव्हता.

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. शाळा जिंतूर रोडवरून आत एका गावात. कित्येक वर्षं त्या एसटीने आणि पुढे काळी-पिवळीने गेल्या. गाडी शिकायला दोनदा ड्रायव्हिंग स्कूल लावलं होतं. दोन्ही वेळा क्लचने घात केला. डावा गुडघा दुखतो, हाफ क्लच सुटला की गाडी बंद पडते, मागून हॉर्न सुरू होतात, आणि शेजारी बसलेला शिकवणारा "ओ मॅडम, ओ मॅडम" करतो. ऑटोमॅटिक घरी आली आणि त्या महिन्याभरात चालवायला लागल्या. तेव्हापासून त्यांना पाचची एसटी गाठायची घाई नसते. शाळा सुटल्यावर एखाद्या गैरहजर मुलाच्या घरी जाऊन येता येतं. घरी कुणालाही "मला न्यायला ये" म्हणावं लागत नाही. आम्ही गिअर नॉब बघत होतो आणि काकूंच्या हातातून स्टेअरिंग निघून चाललं होतं.

डब्याच्या आत काय असतं

आधी यंत्र समजून घेऊ. 'ऑटोमॅटिक' हे एका यंत्राचं नाव नाही. आपल्या रस्त्यांवर त्याचे चार प्रकार दिसतात.

पहिला, जुना आणि दणकट: टॉर्क कन्व्हर्टर. यात क्लचप्लेटच्या जागी तेलाने भरलेला एक मोठा गोळा असतो. इंजिनाकडचं पातं तेल फिरवतं आणि ते तेल गिअरबॉक्सकडचं पातं फिरवतं. दुसरा सीव्हीटी. त्यात ठरावीक गिअर नसतातच, दोन पुली आणि त्यांच्यामधला पट्टा असतो. तिसरा डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाला. एक क्लच एक-तीन-पाच सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा. आणि चौथा एएमटी.

छोट्या शहरांत ऑटोमॅटिक पोचवली ती या चौथ्याने. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुती सुझुकीने सेलेरिओ आणली, तिच्यात इटलीच्या मॅग्नेटी मरेलीचं एएमटी तंत्र होतं. मग ऑल्टो के१०, वॅगन आर, टाटाच्या आणि रेनॉच्या छोट्या गाड्या अशी रांग लागली. तोपर्यंत ऑटोमॅटिक म्हणजे महागड्या गाडीचा थाट होता. एएमटीमुळे ती मध्यमवर्गीय घरासमोर उभी राहिली. त्या पहिल्या लाटेतल्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात फिरताहेत, वॉरंटी संपलेल्या आणि दुरुस्तीला आलेल्या.

उस्ताद म्हणाले ते एएमटीबद्दल अर्धं खरं आहे. एएमटीच्या आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लचप्लेटही तीच. फरक एवढाच की क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाऐवजी आणि हाताऐवजी एक यंत्रणा करते. तिला अ‍ॅक्चुएटर म्हणतात. कुठे ती तेलाच्या दाबावर चालते, कुठे विजेच्या मोटरवर. कधी दाबायचं ते टीसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. म्हणजे डब्यात एक अदृश्य ड्रायव्हर बसवलेला असतो. आम्ही त्याला नोकरीवरून काढायला निघालो होतो.

जमतं, पण...

आपल्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह आहेत. इंजिन आडवं बसवलेलं आणि ताकद पुढच्याच चाकांना. बोलेरोसारख्या गाडीत खालून मागच्या चाकांपर्यंत लांब शाफ्ट जातो. इथे तो नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच हाउसिंगमध्ये असतं आणि तिथून दोन छोटे ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'एक्सल', चाकांना जातात. त्यामुळे काम एका बाजूने सोपं होतं आणि दुसऱ्या बाजूने किचकट.

सोपं अशासाठी की सगळं एका जागी आहे. किचकट अशासाठी की त्या एका जागेत बोट घालायलाही जागा नाही. गिअरबॉक्स उतरवायचा तर एक्सल काढा, इंजिनाला टेकू द्या, माउंटिंग सोडा, काही गाड्यांत खालची सबफ्रेमसुद्धा उतरवा.

मग सामानाची यादी सुरू होते. टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी असेल तर इंजिनाच्या टोकाला पातळ फ्लेक्सप्लेट असते. ती काढून जड फ्लायव्हील बसवावं लागतं. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. तीन पेडलचा अख्खा संच. क्लचची केबल, नाही तर मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर. गिअरचा लिव्हर आणि त्याच्या केबल. गिअरबॉक्सची माउंटिंग वेगळी. एक्सलची लांबी आणि आटेसुद्धा वेगळे असू शकतात. चुकीच्या लांबीचा एक्सल बसला तर तो आज चालेल, पण वळणावर किंवा खड्ड्यात कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

आणि हे सगळं जुळलं तरी वायरिंग बाकी असतं. टीसीयू काढला की इंजिनाचा संगणक त्याला शोधत बसतो. उत्तर आलं नाही तर दिवा पेटतो आणि कधी कधी गाडी जीव मुठीत धरल्यासारखी कमी ताकदीवरच चालते. त्यासाठी मॅन्युअल मॉडेलचा ईसीयू बसवा किंवा आहे त्याचं प्रोग्रॅमिंग बदला. रिव्हर्सचा लाइटही नव्याने जोडा.

यातला एक जुगाड जिवावर बेतणारा आहे. ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये असताना सहसा स्टार्टच होत नाही. त्यासाठीच तिला एक स्विच असतो. गिअरबॉक्स बदलल्यावर तो सिग्नल मिळत नाही म्हणून काही जण ती वायर थेट जोडून मोकळे होतात. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी असताना किल्ली फिरवली की ती पुढे झेप घेते. समोर भिंत असेल, नाही तर गेट उघडायला उभं राहिलेलं घरातलं माणूस. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीच्या गाडीत चाकं अडवून धरणारं 'पार्क'सुद्धा जातं. 'पी'वर विसंबून वर्षानुवर्षं न ओढलेल्या हँडब्रेकवर सगळा भार येतो.

म्हणून हे काम ज्यांनी नीट केलंय त्यांची पद्धत एकच असते. तेच मॉडेल, तेच इंजिन, शक्यतो तेच साल, पण मॅन्युअल, अशी अपघातात गेलेली एक पूर्ण गाडी शोधायची आणि सगळं सामान तिच्यातूनच घ्यायचं. एक वस्तू नांदेडच्या भंगारातून, दुसरी संभाजीनगरहून, तिसरी ऑनलाइन, असं केलं की गाडी महिना-महिना जॅकवर उभी राहते. तोवर बिल नव्या दुरुस्तीच्या पुढे गेलेलं असतं.

आरसी बुकात बसत नाही

आता कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती आणि कंपनीने मुळात दिलेली माहिती यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ नव्याने लिहिलं गेलं. नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कुणी म्हणेल, आरसीवर गिअरबॉक्सचा रकाना कुठाय? बरोबर. पण मॉडेलच्या नावातच बऱ्याचदा 'एटी' किंवा 'एएमटी' लिहिलेलं असतं. सीएनजी किट बसवायचं तर मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त केंद्र, मग आरसीवर नोंद असा मळलेला रस्ता आहे. गिअरबॉक्सला तसा रस्ता नाही. तेव्हा पाना हातात घेण्याआधी आरटीओत लेखी विचारायचं आणि विमा कंपनीलाही कळवायचं. 'एमएच २२'ची पाटी बघून आपला पोलिस सोडून देईल. अपघातानंतर येणारा विम्याचा सर्व्हेअर मात्र पाटी बघायला येत नाही.

याच कायद्यात 'अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल' अशीही संज्ञा आहे. अपंग व्यक्तीला गाडी चालवता यावी म्हणून त्यात बदल करायला कायदा जागा ठेवतो. म्हणजे गाडी माणसाच्या शरीराप्रमाणे बदलावी, हे कायद्यालाही कळतं. काकूंचा गुडघा त्या व्याख्येत बसेल की नाही ते बाजूला ठेवू. आम्ही मात्र नेमकं उलटं करत होतो. चालवता येणारी गाडी चालवता न येणारी करायला निघालो होतो.

'खरी गाडी' कुणाची?

मॅन्युअलची मजा मला मान्य आहे. आपल्यातले निम्मे जण बापाच्या मांडीवर बसून ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला हात लावत मोठे झालेत. क्लच कुठे पकडतो ते पायाला कळणं, उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी धरणं, याला तोड नाही. स्वतःची जुनी गाडी आहे, तिचं मॅन्युअल भावंड सहज मिळतं, हाताला काम येतं, कागद सरळ आहेत आणि घरात दुसरं कुणी तिच्यावर अवलंबून नाही, अशा माणसाने हा उद्योग जरूर करावा. मी स्वतः पाने द्यायला येईन.

पण 'खरी गाडी' हा शब्द जरा तपासून बघा. दुचाकीच्या लायसन्समध्ये 'विथ गिअर' आणि 'विदाउट गिअर' असे दोन वर्ग आहेत. चारचाकीला एकच, एलएमव्ही. कायद्याने ऑटोमॅटिक चालवणारा आणि मॅन्युअल चालवणारा यांत फरक केलेला नाही. फरक आपण करतो. आणि तो करताना मनातल्या मनात बायका, म्हातारी माणसं, गुडघे-पाठ धरलेली माणसं यांना 'खऱ्या' ड्रायव्हरांच्या यादीतून काढून टाकतो. स्कूटीबद्दल हेच झालं होतं. तिला हसणाऱ्या घरांतल्याच मुली तिच्यावरून कॉलेजला गेल्या, क्लासला गेल्या, नोकरीला लागल्या. गिअर नसणं हा कमीपणा नव्हता, ते दार होतं.

घरातल्या गाडीवर निर्णय कोण घेतं हेही बघा. ती चालवत होत्या काकू. हप्त्यातला मोठा वाटा त्यांच्या पगारातून गेला होता. आणि तिचं पुढे काय करायचं ते ठरवत होतो आम्ही पाच पोरं, टपरीवर, ज्यांच्यापैकी एकानेही तिच्यात कधी स्वतःच्या पैशाने पेट्रोल टाकलं नव्हतं.

मग झालं काय?

मित्राने शेवटी दुसरीकडे गाडी दाखवली. तिथे स्कॅनर लावला. गिअरबॉक्स गेलेलाच नव्हता. क्लचप्लेट संपली होती आणि अ‍ॅक्चुएटरचं तेल झिरपून कमी झालं होतं. एएमटीत क्लच बदलल्यावर टीसीयूला नवा क्लच कुठे पकडतो ते स्कॅनरवरून शिकवावं लागतं. ते न करता नुसती प्लेट बदलली तर झटके तसेच राहतात आणि लोक म्हणतात, ऑटोमॅटिकच बेकार.

पार्ट यायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस काकू पुन्हा एसटीने गेल्या. बिल आलं ते काही स्वस्त नव्हतं. आणि गाडी अजूनही गर्दीत कधी कधी हलका हिसका देते. पण ती जिंतूर रोडला रोज जाते आणि स्टेअरिंगवर काकू असतात.

पहिल्या उस्तादांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांच्याकडे तो स्कॅनर नव्हता. बंद पडलेलं इंजिन ते आवाजावरून ओळखतात, पण टीसीयूचा आवाज येत नाही. जे आपल्याला उघडता येत नाही ते काढून टाकू, हा त्यांचा सल्ला त्यांच्या हत्यारांपुरता प्रामाणिकच होता. अडचण अशी की गावातली हत्यारं गावातल्या गाड्यांच्या एक पाऊल मागे पडली आहेत. आणि त्याची किंमत गाडीपेक्षा गाडी वापरणारं माणूस मोजतं.

इथेच आपली पिढी उपयोगाची आहे. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकल करणाऱ्यांनो, डिप्लोमाला असणाऱ्यांनो, मॅन्युअल गिअरबॉक्स डोळे झाकून जोडणारे आपल्याकडे भरपूर आहेत. अ‍ॅक्चुएटरचा दाब तपासणारा, सोलेनॉइड साफ करणारा, ऑटोमॅटिकच्या तेलाचा रंग आणि वास बघून आजार ओळखणारा, स्कॅनरवरचा कोड वाचून त्यामागचं कारण शोधणारा मेकॅनिक इथे दुकान टाकेल तर त्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार नाही. त्या पहिल्या लाटेतल्या गाड्या आता त्याच्याकडेच येणार आहेत. आणि ज्यांच्या उस्तादांकडे स्कॅनर नाही त्यांनी त्यांच्याच शेजारी बसून तो वापरायला शिकवला तर आणखी बरं. हात त्यांचे, डोळे आपले.

बाकीच्यांसाठी एवढंच. घरची ऑटोमॅटिक अडली तर तीन गोष्टी याच क्रमाने करा. आधी तिच्या डब्यात चारपैकी कोणतं यंत्र आहे ते माहीत करून घ्या. मग तेल, बॅटरी आणि स्कॅनरचा कोड बघितल्याशिवाय 'गिअरबॉक्स गेला' यावर विश्वास ठेवू नका. एएमटीला तर कमजोर बॅटरीसुद्धा वेड लावते. आणि तरीही मॅन्युअल करायचंच ठरलं, तर जो ती गाडी रोज चालवतो, किंवा चालवते, त्या माणसाला आधी विचारा.

जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण म्हणतो ना? मग बनी तो बनी म्हणून सोडून देऊ नका. बनवायला शिका.